स्टेडियमपासून किती लांब? ऍरिझोनात घर घेणाऱ्यांचे प्रश्न

गेल्या अंकात अमेरिकेतल्या उबदार राज्यांत घर घेण्याविषयी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली निम्मी एकाच सुराची आहेत: घर तर घ्यायचंच आहे, मग जिथे मॅच बघायला मिळेल तिथेच का नको? बहुतेकांचा रोख ऍरिझोनातल्या फिनिक्सकडे आहे, म्हणून आधी तिकडचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न (शिकागो): आमचे हे शिकागो कब्ज या बेसबॉल संघाचे कट्टर चाहते. निवृत्तीनंतर ऑक्टोबर ते एप्रिल फिनिक्सजवळच्या मेसा शहरात राहायचं आणि उन्हाळ्यात परत यायचं, असा बेत आहे. कब्ज सराव करतात त्या स्लोन पार्क स्टेडियमपर्यंत चालत जाता येईल असंच घर ह्यांना हवं आहे. येत्या मार्चमध्ये मॅचेसच्या वेळी जाऊन घर पक्कं करावं का?

उत्तर: मॅचेस जरूर बघा, पण त्याच फेरीत सही करून येऊ नका.

आधी हंगामाचा हिशेब. मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतल्या सर्वोच्च स्पर्धेचे ३० पैकी १५ संघ हंगामाआधीच्या सरावासाठी फिनिक्सच्या परिसरात उतरतात. यालाच कॅक्टस लीग म्हणतात. हे संघ १० स्टेडियममध्ये विभागलेले आहेत. सामने फेब्रुवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू होतात आणि मार्च संपायच्या आत आटोपतात. एका संघाचे घरच्या मैदानावर साधारण १५-१६ सामने होतात, म्हणजे वर्षाच्या ३६५ दिवसांतल्या १६ दुपारी. उरलेले दिवस तुम्ही राहणार आहात ते घरात, स्टेडियममध्ये नव्हे.

स्लोन पार्क २०१४ साली सुरू झालं आणि तिथे १५,००० च्या आसपास प्रेक्षक मावतात. सामना बहुधा दुपारी एकच्या सुमारास सुरू होतो. म्हणजे साडेअकरापासून गाड्या येऊ लागतात आणि चार-साडेचारला सगळ्या एकदम सुटतात. अगदी भिंतीला लागून घर घेतलंत तर गाडी बाहेर काढायची सोय नाही आणि रात्रीच्या सामन्याचे दिवे थेट झोपायच्या खोलीत. आमच्या मते एक ते दीड मैलाचं अंतर उत्तम. माणूस पाऊण तासाच्या आत चालत पोचतो, पण कर्ण्याचा आवाज आणि पार्किंग शोधणाऱ्यांची रांग तिथवर पोचत नाही. आणखी एक गोष्ट: स्काय हार्बर विमानतळाच्या पूर्वेचा हवाई मार्ग शेजारच्या टेम्पीवरून, नदीच्या पात्राच्या रेषेत जातो. घर बघताना अंगणात अर्धा तास नुसतं उभं राहा. एजंटला घाई असेल तर तो गाडीत बसून थांबेल.

आता मार्चचं. मार्चमध्ये फिनिक्सची हवा इतकी गोड असते की कुठलंही घर आवडतं, आणि तिथेच फसायला होतं. २०२३ मध्ये तिथे सलग ३१ दिवस रोजचं कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअस किंवा त्याहून जास्त होतं. २०२४ मध्ये सलग ११३ दिवस कमाल तापमान १०० फॅरनहाइटच्या खाली आलं नाही. तुम्ही तेव्हा शिकागोत असाल, घर मात्र तिथेच भाजत असेल. म्हणून जमल्यास जुलै-ऑगस्टमध्ये दोन दिवसांची एक फेरी मारा. दुपारी चार वाजता घरात शिरा आणि पश्चिमेकडच्या खोलीच्या भिंतीला आतून हात लावा. तिथल्या जाहिरातींत घर 'नॉर्थ-साउथ एक्स्पोजर'चं (पुढची-मागची बाजू उत्तर-दक्षिणेला) आहे असं मुद्दाम लिहिलेलं असतं, ते याच कारणाने. मागचं अंगण आणि मोठ्या काचा पश्चिमेला असल्या, की संध्याकाळी अंगण वापरता येत नाही आणि विजेचं बिल चढतं.

उन्हाळ्यात जाणं शक्यच नसेल तर निदान एवढं करा. विकणाऱ्याकडून जुलै आणि ऑगस्टची विजेची बिलं मागा. वर्षाची सरासरी नको, त्या दोन महिन्यांचीच बिलं हवीत. एसीच्या बाहेरच्या युनिटवरच्या पाटीवर निर्मितीचं वर्ष असतं, त्याचा फोटो काढा. फिनिक्समध्ये एसी १० ते १५ वर्षं चालतो. बारा वर्षांचा असेल तर नव्याची किंमत मनात धरूनच बोली लावा. होम इन्स्पेक्शनच्या वेळी एसी वीस मिनिटं चालू ठेवून आत ओढल्या जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान मोजायला सांगा. फरक १६ ते २० अंश फॅरनहाइट असावा. फरक बरोबर आला तरी हुरळून जाऊ नका. भार नसताना सगळीच यंत्रं गुणी असतात.

छपरावरची कौलं पन्नास वर्षं टिकतात हे खरं, पण पाणी अडवतो तो कौलांखालचा डांबरी थर. उन्हाने तो २०-२५ वर्षांत कडक होऊन फाटतो. मग सगळी कौलं उतरवायची, थर नवा घालायचा आणि तीच कौलं पुन्हा चढवायची. यात खरा खर्च मजुरीचा. तेव्हा '१९९८ चं घर, कौलं मूळची' असं वाचलंत, तर थर कधी बदलला ते विचारा आणि पावती बघा. पायाजवळच्या भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी. त्या भागात ती सर्रास असते. घर सोडून देण्याचं ते कारण नाही, पण उपचाराचा खर्च विकणाऱ्याकडून मागण्याचं नक्की आहे.

ऍरिझोनात सर्रास वापरल्या जाणाऱ्या करारपत्रात इन्स्पेक्शनला १० दिवस मिळतात. ते कामाचे दिवस नाहीत, कॅलेंडरचे आहेत, शनिवार-रविवार धरूनच. मार्चमध्ये चांगले इन्स्पेक्टर आठवडा-आठवडा मिळत नाहीत, त्यामुळे बोली लावण्याआधीच तारीख धरून ठेवा. दहाव्या दिवसापर्यंत दुरुस्त्यांची लेखी यादी दिली नाहीत, तर आहे त्या स्थितीत घर मान्य केलं असा अर्थ होतो.

तुमच्यासारख्यांना सगळ्यात जास्त त्रास देतं ते बंद घर. मे ते सप्टेंबर कुणी राहत नसलं की सिंकच्या आणि मोरीच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या वाकड्या नळीतलं, पाणी सुकतं. मग गटाराचा वास घरात येतो आणि त्याच वाटेने झुरळंही. निघताना प्रत्येक ट्रॅपमध्ये पाणी भरून वर दोन चमचे खाद्यतेल ओता, म्हणजे पाणी उडत नाही. मुख्य नळ बंद करा. बागेला पाणी देणारी लाइन त्याच नळावर असेल तर ती आधी वेगळी करून घ्या. एसी पूर्ण बंद ठेवू नका, ८५ फॅरनहाइटवर ठेवा, नाहीतर लाकडी कपाटं आणि फरशीचे सांधे उकलतात. विम्याच्या कागदात 'रिकामं घर' याची व्याख्या वाचा. काही पॉलिसी ३० किंवा ६० दिवसांनंतर गळतीची भरपाई देत नाहीत. दर आठवड्याला कुणीतरी आत फिरून तारखेसह फोटो पाठवेल अशी सोय करा. दावा करायची वेळ आली तर हेच फोटो कामाला येतात.

आणि हे घर 'दुसरं घर' म्हणून घेणार असाल, तर मालमत्ता कराच्या नोंदीतही तसंच लिहावं लागतं. मुख्य घराला मिळणारी राज्याची सवलत त्याला मिळत नाही.

प्रश्न (सिऍटल): आमचा बेसबॉल संघ मरिनर्स फिनिक्सजवळच्या पिओरियात सराव करतो, म्हणून पश्चिमेकडची घरं बघतो आहोत. तीच घरं पूर्वेपेक्षा स्वस्त का दिसतात?

उत्तर: अंतर, विमानं आणि कर, या तीन गोष्टी तपासा.

पश्चिमेला पिओरिया, सरप्राइज, गुडइयर आणि ग्लेनडेल शहराच्या मालकीचं कॅमलबॅक रँच अशी दोन-दोन संघांची चार मैदानं आहेत.  त्यामुळे सामन्यांचे दिवसही दुप्पट, महिनाभरात तीसच्या घरात. पिओरियाच्या मैदानाजवळचा बेल रोड तेव्हा तुंबलेला असतो. शिवाय ग्लेनडेलला अमेरिकन फुटबॉलच्या कार्डिनल्स संघाचं स्टेट फार्म स्टेडियम आहे (२००६). त्याचं छप्पर सरकतं आणि गवताचं अख्खं मैदान ट्रेसारखं बाहेर उन्हात नेऊन ठेवतात. २००८, २०१५ आणि २०२३ असे तीन सुपर बोल, म्हणजे त्या फुटबॉलचे अंतिम सामने, तिथे झाले. तिथून मैलभरात घर घेणाऱ्याने फुटबॉलच नव्हे, मोठ्या गाण्यांच्या कार्यक्रमांचंही वेळापत्रक भिंतीवर लावावं.

विमानं म्हणजे ल्यूक हवाई तळ. तिथे एफ-३५ या लढाऊ विमानांचं प्रशिक्षण चालतं आणि ती विमानं कानाला जाणवतात. लष्करी विमानतळाच्या परिसरातल्या घरांबाबत तसं सांगण्याचा कायदा आहे आणि राज्याच्या रिअल इस्टेट खात्याच्या संकेतस्थळावर नकाशे मिळतात. पण नकाशावर विसंबू नका, घर रविवारी न बघता मंगळवारी-बुधवारी सकाळी दहाला बघा. बहुतेक उड्डाणं आठवड्याच्या दिवसांत होतात, आणि 'ओपन हाउस' मात्र नेमकं शनिवार-रविवारी असतं.

करांचं असं की, काही नव्या वसाहतींत रस्ते, गटारं, उद्यानं यांसाठी काढलेलं कर्ज घरमालकांच्या मालमत्ता करातूनच फेडलं जातं. 'कम्युनिटी फॅसिलिटीज डिस्ट्रिक्ट' अशी वेगळी ओळ बिलात दिसते. फिनिक्स ज्यात येतं त्या मारिकोपा काउंटीच्या खजिनदाराच्या संकेतस्थळावर घराचा पार्सल नंबर टाकला की बिलाची फोड समोर येते. शेजारच्या दोन घरांची बिलं काढून ताडून पाहा. घराच्या ज्या मूल्यावर कर बसतो ते वर्षाला ५ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, पण ही मर्यादा मूल्यावर आहे, कराच्या दरावर नाही.

प्रश्न (सॅन होजे): एजंट म्हणतो, संघ जवळ असला की घराची किंमत टिकते. खरं आहे का?

उत्तर: संघ तिथे राहीलच याची हमी तो एजंट देणार आहे का?

आइस हॉकीच्या कायोटीज संघाचं काय झालं ते बघा. ग्लेनडेलमध्ये त्यांच्यासाठी २००३ साली अरीना उभी राहिली. शहराने २०२१-२२ च्या हंगामानंतर करार वाढवला नाही. मग संघ टेम्पीला विद्यापीठाच्या, पाच हजारांच्या आतबाहेर क्षमतेच्या छोट्या रिंकमध्ये खेळू लागला. टेम्पीत नवी अरीना आणि तिच्याभोवती वसाहत उभारायचा प्रस्ताव मे २०२३ मध्ये मतदारांनी फेटाळला. एप्रिल २०२४ मध्ये संघ सॉल्ट लेक सिटीला गेला. ज्यांनी घराच्या किमतीत हॉकी धरली होती त्यांची हॉकी गेली. ज्यांनी दुकानं, हॉटेलं आणि हायवे बघून घर घेतलं, त्यांचं फारसं बिघडलं नाही, कारण ग्लेनडेलची अरीना आजही कार्यक्रमांनी चालते आहे.

करायचं ते सोपं आहे. सरावाची बहुतेक मैदानं शहरांच्या मालकीची असतात, त्यामुळे करार सार्वजनिक असतो. सिटी क्लर्कच्या, म्हणजे शहराचे दस्तऐवज सांभाळणाऱ्या, कार्यालयाला ईमेल करून तीन गोष्टी विचारा: करार कधी संपतो, संघाला मुदतीआधी बाहेर पडता येतं का आणि दुरुस्तीचा खर्च कोण करतं. करार पाच-सात वर्षांत संपणार असेल, तर एजंट मैदानाच्या नावाने जी किंमत वाढवून सांगतो आहे ती द्यायचं कारण नाही.

प्रश्न (मिनीआपोलिस): स्कॉट्सडेलला गोल्फ कोर्सच्या कडेचं घर आवडलं आहे. फिनिक्स ओपन ही गोल्फ स्पर्धा जवळच होते. आम्ही स्वतः खेळत नाही, बघायला मात्र आवडतं.

उत्तर: बघायला आवडतं तर तिकीट काढा. कोर्सच्या कडेचं घर हा वेगळाच सौदा आहे.

फिनिक्स ओपन टीपीसी स्कॉट्सडेल या कोर्सवर जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात होते. तिथल्या १६ व्या होलभोवती चारही बाजूंनी स्टँड उभारतात आणि हजारो लोक अक्षरशः आरडाओरडा करतात. गोल्फमध्ये असं दृश्य दुसरीकडे फारसं दिसत नाही. २०२४ मध्ये शनिवारची गर्दी इतकी झाली की दरवाजे बंद करून मद्यविक्री थांबवावी लागली. जानेवारीत शेजारीच वेस्टवर्ल्डला जुन्या गाड्यांचा बॅरेट-जॅक्सन लिलाव असतो, त्यापाठोपाठ गोल्फ आणि त्यानंतर बेसबॉल. म्हणजे उत्तर स्कॉट्सडेलमध्ये लूप १०१ या हायवेजवळ राहणाऱ्यांना जानेवारी ते मार्च वाहतुकीतून सुटका नाही.

आता घर. बहुतेक लोक उजव्या हाताने खेळतात आणि हौशी खेळाडूंचा फटका उजवीकडे वळतो. त्यामुळे टीपासून (जिथून पहिला फटका मारतात) १५० ते २५० यार्डांवर, फेअरवेच्या (खेळायच्या मधल्या पट्ट्याच्या) उजव्या बाजूला असलेली घरं सर्वाधिक मार खातात. ग्रीनच्या (होल असलेल्या हिरवळीच्या) मागची किंवा टीच्या बाजूची घरं त्या मानाने सुरक्षित. घर बघायला गेलात की भिंतीच्या प्लास्टरवरचे गोल खळगे, तडकलेली कौलं आणि खिडकीच्या चौकटीवरचे पोचे मोजा. शेजाऱ्याने जाळी लावली असेल तर आणखी पुरावा नको. आणि फुटलेल्या काचेचे पैसे कोण देणार? वसाहतीच्या नियमावलीत बहुधा असं कलम असतं की चेंडू येणारच हे घरमालकाने मान्य केलं आहे. सही करण्याआधी ते कलम वाचा.

सप्टेंबरच्या शेवटी ते ऑक्टोबरमध्ये उन्हाळी बर्म्युडा गवत खरवडून त्यावर हिवाळी राय गवत पेरतात. तेव्हा कोर्स काही आठवडे बंद, दिवसातून अनेकदा पाणी, कधी खताचा वास, आणि पहाटे यंत्रांची घरघर. हे दरवर्षीचंच.

सगळ्यात मोठी जोखीम म्हणजे कोर्सच बंद पडणं. फिनिक्सच्याच अवाटुकी लेक्स कोर्सला २०१३ साली टाळं लागलं. रहिवासी न्यायालयात गेले आणि ते भांडण वर्षानुवर्षं चाललं. हिरवळीसाठी जादा पैसे मोजून घेतलेल्या घरांसमोर वाळलेलं रान उरलं. म्हणून कोर्सची जमीन कुणाच्या नावावर आहे आणि तिचा वापर गोल्फपुरताच बांधलेला आहे का, हे मालकीची कागदपत्रं तपासणाऱ्या टायटल कंपनीकडून लेखी घ्या.

प्रश्न (डेट्रॉइट): मार्चमध्ये घर पर्यटकांना भाड्याने देऊन वर्षाचा हप्ता निघेल का?

उत्तर: नाही. भाडं चढतं ते चार-पाच आठवडे. पुढे उन्हाळाभर पर्यटक फिरकत नाहीत आणि एसी, पूल, बाग, वसाहतीची वर्गणी सुरूच राहते. शिवाय आपल्याला स्वतःला मार्चमध्येच तिथे राहायचं असतं, ही मेख आहेच.

तरीही द्यायचं असेल, तर २०१६ च्या राज्य कायद्याने शहरांना अल्पमुदतीच्या भाड्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. २०२२ पासून शहरं परवाना सक्तीचा करू शकतात आणि त्याची फी २५० डॉलरपर्यंत घेऊ शकतात. पण वसाहतीची नियमावली या कायद्याच्या बाहेर आहे. तिथे '३० दिवसांपेक्षा कमी मुदतीने देऊ नये' असं लिहिलं असेल तर विषय संपला. १ जानेवारी २०२५ पासून ३० दिवस किंवा अधिक मुदतीच्या घरभाड्यावरचा शहरांचा कर रद्द झाला. आठवडा-आठवडा देणाऱ्यांना मात्र कराची नोंदणी करून भरणा करावाच लागतो.

प्रश्न (न्यू जर्सी): बेसबॉल आमच्या डोक्यावरून जातं. क्रिकेट कुठे?

उत्तर: मग टेक्सास बघा. डॅलसजवळच्या ग्रँड प्रेरीत बेसबॉलचं जुनं मैदान क्रिकेटसाठी बदललं आणि २०२३ पासून तिथे मेजर लीग क्रिकेट होतं. ६ जून २०२४ ला अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं ते इथेच. पण हंगाम जून-जुलैचा, म्हणजे ऐन उकाड्याचा, आणि तोही काही आठवड्यांचाच. आपली मंडळी मोठ्या संख्येने राहतात ते फ्रिस्को तिथून तीस-पस्तीस मैल लांब. मॅचसाठी फ्रिस्को सोडून ग्रँड प्रेरीला जाण्यात अर्थ नाही.

टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, पण मालमत्ता कर जबर आहे, आणि नव्या वसाहतीत 'मड' किंवा 'पिड'ची, म्हणजे पाणी, गटारं, रस्ते अशा सोयींसाठीच्या खास कर-विभागाची, जादा ओळ असते. जमीन चिकणमातीची, सुकली की आकसते आणि भिजली की फुगते. विटांच्या भिंतीत जिन्यासारखी तिरकी भेग दिसली किंवा दारं घासत असली तर स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. गारपिटीसाठी विम्यात वजावट टक्क्यांत असते. ५ लाख डॉलरच्या विम्यावर २ टक्के म्हणजे पहिले १०,००० डॉलर तुमचे.

प्रश्न (बॉस्टन): आमचा बेसबॉल संघ रेड सॉक्स सरावाला फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला असतो. ऍरिझोनापेक्षा फ्लोरिडा बरं नाही का?

उत्तर: सामने जास्त बघायचे असतील तर नाही. फिनिक्सची दहाही मैदानं एका महानगरात आहेत. फ्लोरिडातले १५ संघ दोन्ही किनाऱ्यांवर विखुरलेले, त्यामुळे एका घरातून तीन-चार मैदानंच सोयीची पडतात. जमेची बाजू अशी की तिथल्या बऱ्याच मैदानांवर एप्रिलनंतर मायनर लीगचे, म्हणजे खालच्या दर्जाच्या संघांचे, सामने चालू राहतात.

खर्चात मात्र विमा सगळ्यांच्या पुढे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन वादळाने सेंट पीटर्सबर्गच्या ट्रॉपिकाना फील्ड स्टेडियमचं छप्पर फाडलं आणि रेज संघाला २०२५ चा हंगाम टँपाच्या सरावाच्या मैदानावर काढावा लागला. घराची बोली लावण्याआधी पुराचा झोन बघा, छपराचं वय विचारा, 'फोर पॉइंट' (छप्पर, वीज, नळ, एसी) आणि 'विंड मिटिगेशन' (वादळी वाऱ्यापासूनचं संरक्षण) हे दोन तपासणी अहवाल मागा आणि त्यावर विम्याचा लेखी दर घ्या. दर आल्याशिवाय आकडा बोलू नका.

प्रश्न (ह्यूस्टन): ऍरिझोनातल्या सरावाच्या सामन्यात सावलीची जागा कशी ओळखायची? आई-बाबा भारतातून येणार आहेत.

उत्तर: मार्चमध्ये दुपारी एकला सूर्य जवळजवळ दक्षिणेला असतो आणि सामना संपेपर्यंत नैर्ऋत्येकडे सरकतो. उपग्रह नकाशावर स्टेडियम उघडा. ज्या स्टँडची पाठ दक्षिणेला किंवा नैर्ऋत्येला आहे, त्याच्या छपराखालच्या वरच्या रांगा घ्या. बाहेरचा गवती उतार स्वस्त असतो, पण तिथे सावली नाही आणि पाठीला टेकायलाही काही नाही, त्यामुळे आई-बाबांना तिथे बसवू नका. आणखी एक: ऍरिझोनात घड्याळं पुढे-मागे करत नाहीत. मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर ह्यूस्टन एक तासाऐवजी दोन तास पुढे असतं. विमानतळावर कोण कधी पोचणार याचा हिशेब तेव्हा नव्याने करा.